सही नसलेला चार्ट

भुताखेतांवर विश्वास ठेवायला फुरसत लागते... कॅज्युअल्टीच्या नर्सला ती कुठली? असले अनुभव सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसायचे. पण हे घडलं ते भर सकाळी, बोईसरच्या आमच्या हॉस्पिटलात.

कॅज्युअल्टीच्या मागे आमची पाच बेडची ऑब्झर्वेशन रूम आहे. आत जायला वाट एकच, कॅज्युअल्टीतून. तिथे वेगळी नर्स द्या म्हणून मी वर्षभर अर्ज करत होते. उत्तर ठरलेलं — "कॅज्युअल्टीतूनच बघा."

त्या दिवशी ड्युटीवर मी एकटी. आठला पाम गावचा एक कामगार आणला, कारखान्यात गॅस नाकातोंडात गेलेला. दिसायला ठणठणीत, पण अशा पेशंटचा श्वास काही तासांनीही बिघडतो. दर तासाला ऑक्सिजन मोजायचा होता. त्याला आत झोपवलं आणि बाहेर रिक्षा उलटून पाच जखमी आले. मी विसरले. साफ विसरले!

साडेबाराला आठवलं तशी धावले. तो शांत झोपलेला, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. चार्टवर नऊ, दहा, अकरा, बाराची रीडिंग्ज. अकराला ऑक्सिजन घसरलेला, पुढे लिहिलेलं — मास्क लावला. खाली सही नाही. आणि बोटाला लावून मोजायचं यंत्र? आमच्याकडे एकच, ते सकाळपासून माझ्या खिशात...

उशाशी त्याची आई बसली होती.

"आई, कोण आलं होतं?"

"दुसरी सिस्टर व्हती ना. बोलली काय नाय, पन दर तासाला येत व्हती. तुमी नाय पाठवली?"

डॉक्टर म्हणाले, मास्क लागला नसता तर तो हाती लागला नसता. मी तिथेच रडले.

इनचार्ज सिस्टरना सगळं खरं सांगितलं. म्हटलं, आता तरी नर्स द्या.

त्यांनी चार्ट पाहिला. "रेकॉर्ड पूर्ण आहे की! सही कर आणि विषय संपव."

नाही केली तर दुर्लक्षाचा मेमो. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! केली सही. आणि त्याच चार्टच्या जोरावर माझा अर्ज फेटाळला — एकटीला दोन्हीकडे जमतं म्हणे. पुढच्या ड्युटी लिस्टवर माझं नाव दोन्हीकडे लागलं.

ती कोण होती, आजही सांगता येत नाही. तिचे उपकार मानते, आणि तिच्यावर चिडतेही.

परवा गर्दीत पुन्हा एक राउंड चुकला. धावत आत गेले. पेशंट आजी बऱ्या होत्या, पण चार्ट कोरा होता.