अंशतः खरे

आमच्या आरोग्य कार्यालयातल्या एका बाबूंचा फोनवर भरवसा नाही. कोणी काहीही कळवलं की ते तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात सरकवतात आणि म्हणतात, "पाहून येतो न मी."

हिवाळी अधिवेशनासाठी एका आमदारांनी प्रश्न टाकला: अमुक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरची लस नाही, हे खरे आहे काय? उत्तराचा मसुदा करायचं काम बाबूंकडे आलं. केंद्रानं फोनवर "सगळं आहे" असं सांगितलं होतं. बाबू एसटीनं गेले, तिथला फ्रिज उघडून पाहिला आणि परत येऊन लिहिलं, 'हे खरे आहे.'

साहेब वैतागले. "अहो, 'अंशतः खरे आहे' लिहा. नेहमी तसंच लिहितो आपण."

"साहेब, फ्रिज पुरा रिकामा हाये. त्यात अंशतः काय पाहू?"

साहेबांनी कागद पुढ्यात ओढला. मग त्यांनी सही केली. मंत्र्यांनी सभागृहात तेच वाचलं. ते उत्तर टाइप मी केलं होतं, याचा मला अजून तोरा आहे.

पुढच्या आठवड्यात केंद्रातून फोन आला, लस पोहोचली. मी पेढे आणायला उठलो. बाबूंनी पिशवी खांद्याला लावली.

"थांबा जरा. पाहून येतो न मी."