साडूभाऊंचा क्लोजअप

जगात सरळ उभं राहून बघण्यासारखं काहीच नाही, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये ते कापडाच्या रंगाची छटा जुळवायचं काम करतात. सहा दिवस रंग बघून झाले, की रविवारी मोबाइल काढून माणसं बघायची: जमिनीवर आडवं पडून, टेबलावर चढून, नाहीतर दाराच्या फटीतून. जेवायला बोलावलं तर वाढणाऱ्या हाताचा शॉट घेता घेता आमटी गार. "भाऊसाहेब, अख्खा माणूस दाखवला की भीती गेली. आधी नुसते पाय. मग कठड्यावरचा हात. चेहरा अगदी शेवटी," असं ते मला दर भेटीत बजावायचे.

त्यांना नऊ मिनिटांचा थरारपट करायचा होता. गोष्ट एवढीच, की घरात एकटी बाई आणि जिना चढून येणारं कुणीतरी. बाई म्हणजे त्यांची बायको, माझी मेहुणी. कुणीतरी म्हणजे मी, कारण माझ्या चपला पुरेशा संशयास्पद आहेत असं त्यांचं मत होतं. गोडादऱ्यातल्या त्यांच्या इमारतीचा जिना मी एका दुपारी चौदा वेळा चढलो. साडू पायरीवर मोबाइल धरून पालथे. वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकींना वाटलं, यांना फिट आली. त्यांनी धावत येऊन साडूंच्या नाकाला कांदा लावला. "बेन, शॉट चालू छे!" साडू ओरडले. काकींनी कांदा काढला नाही.

मेहुणीला मात्र घाबरताच येईना. दाराची कडी हलली की ती खुदकन हसायची. साडू शॉट छोटे छोटे करत गेले; कडी, कान, पुन्हा कडी, डोळा. तरी ही हसतेच. तीन रविवार असे गेले. चौथ्या रविवारी साडूंनी कॅमेरा तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर आणला, आणि ती हसली नाही. डोळे नुसते थांबले. "वा! असंच अजून एकदा," साडू म्हणाले. तिनं अजून एकदा केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

तो तुकडा जोडायला बसल्यावर साडूंनी तो किती वेळा पाहिला, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये न जाता ते तिच्यासमोर बसले. घरात ते अहिराणीच बोलतात.

"काय जायं वं तुले?"

"काही नही."

"मी देखं ना. तू दारकडे देखत नव्हती."

मग तिनं सांगितलं. दोन महिन्यांपासून छातीत गाठ लागत होती. मुलीची बारावीची परीक्षा होऊ दे, मग बोलू, म्हणून ती गप्प राहिली होती.

डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं. त्यानंतर ती आठ महिने होती. साडूंनी सिनेमाचा नाद सोडला, तर तीच रागावली. "मना तो शॉट काढू नका. तोच एक चांगला उना." मग ते खाटेशी बसून मोबाइलवर सिनेमा जोडू लागले. कुठला तुकडा आधी, कुठला नंतर, हे ती ठरवायची. पुरा झाल्यावर तिनं पडल्या पडल्या एकदा पाहिला आणि म्हणाली, पाय फार वेळ दिसतात. साडूंनी दोन सेकंद कमी केले. ते बघायचं मात्र तिचं राहून गेलं.

तिचं दिवसकार्य झाल्यानंतर मी धीर द्यायला म्हणालो, "त्या शॉटमुळे निदान कळलं तरी."

साडू म्हणाले, "मी 'अजून एकदा' म्हणालो, भाऊसाहेब. आणि तिनं केलं."

सिनेमा त्यांनी कुणालाच दाखवला नाही. रविवारी आता ते आमच्याकडे येतात. चहा होईपर्यंत माझ्याशी मिलच्या गप्पा मारतात, मग स्वयंपाकघराकडे बघून माझ्या बायकोला विचारतात, "ताई, बऱ्या आहात ना?" ती तव्यावरची नजर न काढता "हो, हो" म्हणते. तेव्हा साडू उठतात, ओट्याजवळ जातात आणि ती त्यांच्याकडे वळेपर्यंत तिथंच थांबतात.