आमच्या विहिरीचं पानी आन् माझा टॉवेल

पान्यातलं माझ्याइतकं कळनारा मानूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात नाय. तरी आमच्या पाड्याच्या विहिरीचं पानी नापास केलं ते मीच.

पानी पास झालं तर विहिरीवर मोटार बसनार, घरोघर नळ येनार. बाकीच्या तपासन्या झालेल्या, एकच राहिलेली. तिच्यासाठी बाटली भरून शहापूरला लॅबमध्ये न्यायचं काम मी मागून घेतलं. लिवता-वाचता येत नाय, पन जीपमध्ये बसता येतं.

लॅबवाल्या बाईनं पान्यात थेंबभर ॲसिड टाकलं, मग विहिरीत टाकतात ते लाल औषध टाकलं. पानी कसं जांभळाच्या रसासारखं झालं! मग गरम करत ठेवलं. बघता बघता रंग गायब. परत औषध घातलं, परत गायब.

"काका, कुजलेला पाला, घाण असली की हे औषध त्यातच संपतं. जेवढी घाण जास्त, तेवढा रंग जातो. विहिरीत काय पडलंय?"

"काय नाय बाय. उलट मी चांगलं गाळून भरलंय."

"गाळून? कशातनं?"

मी खांद्यावरचा टॉवेल काढून दाखवला. पावन्याला पानी गाळूनच देतात ना आमच्यात? बाई दोन पावलं मागं सरली.

"सकाळी बोंबील खाल्लेत का?"

"खाल्ले ना. तुमाला कसं कळलं?"

बाई हसत सुटली. दुसरी बाटली हातात दिली. "सरळ विहिरीतनं भरा. आणि टॉवेल घरी ठेवून या."

दुसऱ्या दिवशी परत गेलो, खांदा उघडा टाकून. औषध पडलं, पानी तापलं. रंग हाय तसाच! बाई म्हनाली, "इतकं चांगलं पाणी क्वचित येतं हो आमच्याकडं."

काय सांगू! मुलगा पास झाला तवा पन एवढी छाती फुगली नव्हती. जीपमध्ये वळखीच्या, बिनवळखीच्या सगळ्यांना सांगितलं. पाड्यावर उतरलो तो सरळ विहिरीवर. बाया पानी भरत व्हत्या.

"पास केलं गो पानी! शहापूर हलवून आलो!"

माझी बायको हंडा डोक्यावर घेता घेता म्हनाली, "उन्हाळ्यात आत उतरून सगळा पाला, गाळ आमी बायांनी काढला, म्हनून पास झालं. तुला वर नुस्ता दोर धराय बसवला व्हता, तर दोर धरून घोरत व्हतास."