टाच टेकेना

ह्यांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी गुरुजींनी पुण्याहून व्हिडिओवर सांगितलं, "मुलाला पाटावर बसवा." मुलगा एकवीस वर्षांचा, एकशे पस्तीस किलोंचा. मांडी घालता येईना. उकिडवा बसायला गेला तर टाचा टेकेनात, मागे कलंडला. "असू दे हो, स्टुलावर बसू दे," गुरुजी म्हणाले. बापाच्या श्राद्धाला स्टुलावर. मी स्टूल आणून ठेवलं.

त्याच आठवड्यात त्याच्या प्रशिक्षकांनी मला थांबवलं. मुलगा इथे जर्मनीत एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघात आहे. चेंडू फेकणाऱ्यासमोर पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहतात, त्या जागेसाठी तो तयार होतो आहे. अजून राखीव. या पाचांच्या हाताला चेंडू सहसा लागतही नाही. मला या खेळात रस नाही. त्याला सरावाला नेणं-आणणं ह्यांचं काम होतं, आता ते माझ्याकडे आलं आहे. मी गाडीत वाचत बसते.

"वजन आहे, ताकद आहे," प्रशिक्षक म्हणाले, "पण तो कमरेत वाकतो. गुडघ्यांत खाली जायला हवं, छाती वर ठेवून. नाहीतर समोरचा त्याला ओढून तोंडावर पाडतो. या जागेवरचा मुलगा तयार व्हायला तीन वर्षं लागतात. मला सहा आठवड्यांत संघाची यादी द्यायची आहे. असाच राहिला तर नाव नसेल."

जमिनीवर बसायची त्याची सवय आम्हीच मोडली होती. त्सुफेनहाउझेनला घर घेतलं तेव्हा ह्यांनी हौसेने सहा खुर्च्यांचं टेबल आणलं. सासूबाई आल्या की खाली बसून भाजी निवडायच्या. हा त्यांच्याशेजारी उकिडवा बसला की हे म्हणायचे, "खुर्चीत बस रे, शाळेत हसतील." मीही मान डोलवायचे. आता ज्यांच्याशी भांडायचं ते नाहीत, म्हणून मी मुलावर चिडते.

दुसऱ्या दिवसापासून त्याने बटाटे स्वयंपाकघराच्या फरशीवर उकिडवं बसून सोलायचे, असं मी ठरवलं. मी मराठीत बोलते, तो जर्मनमध्ये उत्तर देतो.

"आई, आमच्याकडे फिजिओ आहे."

"त्याला उकिडवं बसता येतं?"

"नाइन, नाही."

"मग सोल."

टाचांखाली काहीतरी हवं म्हणून एकदा त्याने ह्यांचा यंत्रशास्त्राचा जाडजूड ग्रंथ आणला. मी तो हिसकावून घेतला. "पुस्तकावर पाय?"

"बाबांनी स्वतः दिला असता."

दिला असता, हे खरं होतं. त्यामुळे मी आणखीच चिडले आणि सतरंजीची घडी त्याच्यापुढे टाकली.

दर आठवड्याला मी घडी एकेक पदराने कमी केली. पाचव्या आठवड्यात सतरंजी काढली आणि टाचा टेकल्या. त्याला कळलं नाही. मी सांगितलं नाही, नाहीतर बटाटे टाकून उठला असता. त्या शनिवारी सरावाच्या वेळी गाडीतलं पुस्तक मिटून मी मैदानाच्या कुंपणापाशी गेले. समोरच्याने दोनदा धडक दिली. हा गुडघ्यांत खाली गेला आणि तिथेच पाय रोवून राहिला.

यादीच्या दिवशी तो गाडीत येऊन बसला. गाडी एका बाजूला कलली.

"ठेवलंय," तो म्हणाला. "पण राखीवच. अजून एक वर्ष."

"एवढं सगळं राखीव राहायला?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि पाच किलो वाढवायला सांगितलंय."

मी गाडी सुरू केली. "तेवढंच राहिलं होतं," म्हटलं, आणि वाटेत बटाटे घ्यायला दुकानापाशी थांबवली.