अक्कानं निवडलेले राळे

लातूरच्या एका मास्तरांनी माझ्या मेलेल्या बहिणीला फसवलं. मला फसवलं असतं तर मी माझं बघून घेतलं असतं. सारी हयात उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेली, माझ्याशी सौदा करून कुणी हसत गेलेला नाही. पण मेलेलं माणूस भांडायला येत नाही. म्हणून तिच्या वतीनं मी लिहितोय.

मास्तरांचं नाव घेत नाही. त्यांचं त्यांना कळेल. उदगीरला आले की ते माझ्या दुकानी चहाला बसायचे, आणि एकदा मी त्यांना माझ्या अक्काची हकीकत सांगितली. गेल्या दिवाळी अंकात त्यांची कथा आली. उदगीरचा किल्ला, धान्याचा व्यापारी, बाळंतपणात गेलेली त्याची बहीण... सगळं माझं. पुढे मात्र त्या बहिणीला दोन सुळे फुटतात, अंगावर काळी शाल येते, आणि ती गल्लीतल्या तान्ह्या पोरांचं रक्त पिते. शेवटी व्यापारी तिच्या छातीत लाकडी खुंटा ठोकतो. म्हणजे मी!

अंक आधी वाचला तो नीलानं. नीला म्हणजे अक्काची मुलगी. तिच्या बापानं दुसरं लग्न केलं, म्हणून तिला मीच वाढवली, आता ती शाळेत शिकवते. दर सणाला ती मला विचारायची, “मामा, आईचं काहीतरी सांगा की.” त्या दिवशी तिनं अंक मिटून माझ्या गादीवर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून तिनं आईचा विषय काढलेला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, महाशिवरात्रही गेली. हे मला सहन होत नाही.

तर जे झालं ते जसंच्या तसं सांगतो. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. विश्वासावर मी जोंधळासुद्धा घेत नाही — पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, तळातली मूठ वर काढतो, मग भाव बोलतो. ही हकीकतही मी तशीच तपासलेली आहे.

निजामाची शेवटची वर्षं होती. आईबाप पटकीत गेले, तेव्हा अक्का चौदा वर्षांची आणि मी आठचा. किल्ल्याकडच्या गल्लीत दोन खोल्या, मागं पडवी, पुढं उंबरा — एवढंच आमचं. मी उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेलो आणि मग मोंढ्यात झाडू मारायला लागलो. पोती उतरवताना जे धान्य सांडतं, त्याला आम्ही झाडण म्हणायचो. त्यात माती, खडे, सुतळीचे तुकडे, बैलांच्या पायाखालचं काय काय. ते कुणी घेत नसे. मी घ्यायचो. डोक्यावर घरी आणायचो आणि अक्का ते निवडायची.

अक्का पडवीत बसलेली मला आजही दिसते. पाय पसरलेले, पदर कमरेला, मांडीवर सूप. आधी पाखडायची, मग घोळायची, मग निवडायची. सुपाचा तिचा एक ठेका होता — दोन हलके, एक जड. दोन हलके, एक जड. ओळीनं तीन ढीग पडायचे: धान्य, खडे, कचरा. काम संपलं की चांगल्या धान्याच्या ढिगावर ती तीन बोटं आडवी ओढायची, आपण कपाळाला विभूती लावतो तशी. त्याशिवाय मला हात लावू देत नसे.

“शिवा, हे धान्य आणलंस का आख्खी सडक उचलून आणलीस रं?” असं रोज म्हणायची. मी म्हणायचो, “सडकंला कोण गिऱ्हाईक मिळतंय!” मग ती हसत भाकरीवर लसणाची चटणी घालायची. चटणी अशी की शेजारची गंगव्वा भिंतीपलीकडून ओरडायची, “अगं, नाकात गेली माझ्या!” त्या झाडणातून माझं दुकान उभं राहिलं. लोक म्हणतात शिवाप्पा स्वतःच्या हिमतीवर वर आला. खरं आहे. पण माझ्या हिमतीतले खडे अक्कानं काढले होते.

दुकान लागल्यावर तिचं लग्न निलंग्याला झालं. पहिल्या बाळंतपणाला ती माझ्याकडे आली. दिवाळी नुकतीच झाली होती, नवे राळे, ते मोहरीएवढ्या दाण्याचं भरडधान्य, बाजारात आले होते. मुलगी झाली. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना अक्का गेली.

गंगव्वा आमच्या गल्लीची सुईण, अक्कावर तिचा जीव. तीच डोळे पुसून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “शिवाप्पा, चार खिळे आण.”

“कशाला?”

“तळव्यात मारायला. बाळंतीण गेली हाय. अळवंतीण होऊन माघारी येती ती. पोरीसाठी येती.”

“माझ्या अक्काच्या पायाला कुणी हात लावला तर त्याचा हात जागेवर ठेवणार न्हाई मी.”

“बरं, दोन मारू. अंगठ्यात.”

“एक बी न्हाई.”

“मंग उंबऱ्यात तरी मारू दे. लोखंड वलांडता येत न्हाई तिला.”

“उंबऱ्यात मारा. उंबऱ्याला दुखत न्हाई.”

“आन राळे दे पायलीभर. रुद्रभूमीपासनं घरापस्तोर टाकत यायचे. एकेक दाणा येचल्याबिगर तिला म्होरं पाऊल टाकता येत न्हाई. राळ्याचा दाणा केवढा बारीक... येचता येचता तिची येळ टळून जाती.”

“शेरभर देतो.”

“पायली सांगितली मी! बहिणीच्या मयताला बी घासाघीस करतोस, मेल्या?”

केली. खोटं कशाला सांगू? त्या वेळी मला दुसरं काही येतच नव्हतं. मी पायली दिली. पण कोणती? नवे, चोख राळे भरलेली पोती समोर होती. मी कोपऱ्यातलं झाडणाचं पोतं सोडलं. खडे, माती, गवताचं बी, सुतळी — तेच माप काठोकाठ भरलं. मातीत फेकायचं तर चांगलं कशाला, असा हिशेब. आणि या अडाणी रिवाजाचा राग. पोत्याचं तोंड परत माझ्या गाठीनं बांधलं. ती गाठ मोंढ्यात दुसऱ्या कुणाला घालता येत नाही.

आम्ही लिंगायत, मेलेल्याला पुरतो, बसवून. दिवस मावळायच्या आत अक्काला रुद्रभूमीत बसवलं. परतताना गंगव्वा मूठ मूठ झाडण टाकत आली आणि पुढच्या उंबऱ्यात तिनं खिळा ठोकला. मागच्या पडवीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रुद्रभूमीवर पाणी घालून परत येत होतो. भर दुपार. रस्त्यावर बघितलं तर दाणा नाही. एकही नाही. म्हटलं चिमण्या, मुंग्या... जातं धान्य. घरी आलो तर गंगव्वा पोरीला मांडीवर घेऊन बसलेली, ओठावर बोट. पोर आदल्या दिवसापासून रडरडून निळी पडली होती. आता शांत झोपली होती.

“हळू ये,” गंगव्वा पुटपुटली. “कोण बाई लावलीस रं पाखडायला? त्या आवाजानंच निजली बघ.”

“कोणती बाई?”

“मागं पाखडून राहिली की. घटकाभर झालं.”

मी बाई लावलेली नव्हती. आणि मग मलाही ऐकू आलं... दोन हलके, एक जड. दोन हलके, एक जड.

मी पळालो नाही. चालत गेलो. मधल्या दारातून पाऊल टाकलं आणि आवाज थांबला. पडवीत कुणी नव्हतं. परसाच्या दाराला आतून कडी. ऊन पडवीभर, लपायला आडोसा नाही. सूप भिंतीला टेकवलेलं. आणि जमिनीवर तीन ढीग. राळे, खडे, कचरा. राळ्यांच्या ढिगावर तीन बोटं आडवी ओढलेली.

मी खाली बसलो आणि पहिलं काम काय केलं असेल? माप आणलं. तिन्ही ढीग एकत्र मापले. पायली काठोकाठ. तीनदा मापली. चिमणीनं एक दाणा नेला नव्हता, मुंगीनंही नाही. झाडणाचं पोतं बघितलं — माझी गाठ जशीच्या तशी. कुणीतरी त्यातलं काढून निवडलं असेल म्हणावं, तर राळ्यांना बुक्का चिकटलेला होता, मयतावर उधळलेला. म्हणजे ते रस्त्यावरचेच होते. गंगव्वाला शंकराची शपथ घालून विचारलं. तिनं पोरीला खाली ठेवलंच नव्हतं. आणि तिनं असले ढीग घातले असते, तरी तो ठेका तिला आला नसता.

भीती वाटली का, असं सगळे विचारतात. नाही. लाज वाटली. शेवटच्या दिवशीसुद्धा मी अक्काला झाडणच दिलं होतं, आणि तिनं ते नेहमीसारखं निवडून ठेवलं.

ते राळे मी विकले नाहीत. सहा महिन्यांनी नीलाचं उष्टावण त्यांच्याच मऊ भातानं केलं. गंगव्वा हात धरायला आली, “शिवाप्पा, अळवंतिणीनं शिवलेलं हाय ते!” मी म्हणालो, “तिच्या आईनं निवडलेलं हाय. सर बाजूला.” पोरीनं वाटी चाटून पुसून खाल्ली. पडवीत तो आवाज पुन्हा कधी आला नाही. पुष्कळ वर्षं मी दुपारी दुकान सोडून पडवीत बसायचो. सुपावरून हात फिरवायचो आणि उठायचो.

आता मास्तरांचं. अंक घेऊन मी एसटीनं लातूरला त्यांच्या घरी गेलो. मला बघून खूश झाले.

“या या अप्पा! वाचली का कथा? व्हॅम्पायर आणला मी मराठवाड्यात.”

“आणला ते दिसलं. कुठनं आणला?”

“विलायती पुस्तकांतून. हल्ली वाचकाला तसाच लागतो. सुळे, गोरा चेहरा, आरशात प्रतिबिंब नाही...”

“आमच्या घरात आरसाच नव्हता.”

“...उन्हात आला की राख होतो.”

“अक्का दुपारी बाराला आली होती. मी तुम्हाला सांगितलं होतं.”

“लसणाला घाबरतो.”

“लसणाला? अक्का?” मला त्या रागातही हसू आलं. “अहो, तिची चटणी खाल्ली असती तर तुमचा व्हॅम्पायर परत विलायतेला पळाला असता!”

“आणि बोलावल्याशिवाय तो घरात शिरू शकत नाही. केवढं नाट्य आहे त्यात, अप्पा!”

“स्वतःच्या घरात यायला कुणाचं बोलावणं लागतं, मास्तर?”

ते चष्मा पुसत म्हणाले, “एक गंमत सांगू? तिकडची जुनी खेडुतांची भुतंही अशी नव्हती. मेलेला माणूस पहिल्यांदा आपल्याच घरी यायचा, अंगावरच्या साध्या कपड्यांत, आपल्याच बायकोपोरांकडे. त्याच्या थडग्यावर खसखस टाकायचे, मोजत बसावा म्हणून. अगदी तुमच्या राळ्यांसारखं. पुढे कथा लिहिणाऱ्यांनी त्याला उमराव केला, देखणा केला, आणि खसखस गाळली.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

“ठाऊक होतं.”

“तरी राळे गाळले.”

“अप्पा, धान्य निवडणाऱ्या बाईला कोण भिणार? वाचक झोपी जाईल. आणि मी नाव तर बदललं आहे.”

“गाव बदललंत का?”

“उदगीरच ठेवलं. किल्ला शोभून दिसतो.”

अंक त्यांच्या टेबलावर आपटून मी उठलो. शाईची दौत कलंडली. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

त्या दुपारचा उलगडा मला अजून झालेला नाही. पायली पुरी कशी भरली, ते सांगता येत नाही. शिकलेल्या लोकांना विचारलं, स्वामींना विचारलं, सगळ्यांची उत्तरं मापात कमी भरली. ते मी मान्य करतो. पण मास्तरांनी जे केलं त्याचा उलगडा होऊ शकतो, कारण ते जिवंत आहेत.

एक गोष्ट मी त्यांना चहावर सांगितली नव्हती, नीलालाही आजवर नाही. अक्का कशानं गेली ते. नीला बाहेर आली आणि रक्त थांबेना. घरातली लुगडी संपली, मग मी दुकानातली रिकामी पोती आणली, तीही भिजली. उजाडेपर्यंत तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यातही तिनं दोनदा विचारलं, पोर गरम आहे का. पोर गरम होती. मी सांगितलं, तेव्हा तिनं डोळे मिटले.

अंगातलं सगळं रक्त पोरीपायी देऊन जी गेली, तिच्या तोंडाला मास्तर, तुम्ही लेकरांचं रक्त लावलंत. ते कुठून आणलंत? मला उत्तर नको. माफीचं पत्रही नको. नीलाची शाळा अकराला भरते. या, तिच्यासमोर उभे राहा, आणि तिला सांगा.