राक्षसजोडीची पिल्लं

काजवाल्या वहिनींना गल्लीत नावानं कुणी ओळखत नसे. पंचवीस वर्षं त्या शिंप्यांकडून आलेल्या शर्टांना घरी बसून काजं करायच्या, बटणं लावायच्या. मागच्या खोलीत खिडकीशी स्टूल, डोळ्याला भिंग, हातात सुई. नजर अशी की दोन धागे सुटलेले दुसऱ्याला भिंगातूनही दिसायचे नाहीत, ते त्यांना हातभर लांबून दिसायचे. आणि जीभही सुईसारखीच. त्या जिभेपायीच घरात मासे आले.

कोपऱ्यावरचा मासेवाला एका गिऱ्हाइकाला डिस्कस माशांची जोडी दाखवत होता. बशीएवढे गोल, चपटे, निळ्या रेघांचे मासे. "दिसायला राजा-राणी, पण सहा वेळा अंडी घातली आणि सहा वेळा स्वतःच खाल्ली," तो वैतागून सांगत होता. "आता एक इकडे देतो, एक तिकडे."

वहिनी नुसत्या रस्त्यानं चालल्या होत्या. पण गप्प बसतील तर त्या वहिनी कसल्या! "दाराशी टाकी ठेवलीये तुम्ही. येणारा-जाणारा काचेवर टकटक करतो. बाळंतिणीची खाट बसस्टँडवर टाकाल का हो?"

गिऱ्हाईक हसलं, मासेवाल्याला झोंबलं. "मग न्या की घरी! टाकीसकट न्या. तीन वेळा अंडी घालू देत. एक तरी खेप जगवून दाखवा, जोडी तुमची. नाही जमलं तर परत आणा, मग मी दोघांची ताटातूट करायला मोकळा."

बोलून बसल्या होत्या, आता माघार कसली? संध्याकाळी टाकी मागच्या खोलीत आली. वहिनींचे यजमान एका बँकेच्या दारावर पहारेकरी होते. दिवसभर उभं राहून आलेला माणूस, त्यांनी गणवेशाची टोपीही न काढता विचारलं, "आता माशांची बाळंतपणंही आपल्यालाच करायची का?" त्यांनीच जोडीला राक्षसजोडी म्हणायला सुरुवात केली.

वहिनींनी टाकीला तीन बाजूंनी जुना पडदा लावला. तरी पहिली अंडी दुसऱ्या दिवशी गडप झाली. "बघा," यजमान म्हणाले. "बघतेय," वहिनी म्हणाल्या, आणि खरंच बघत राहिल्या.

दुसऱ्या वेळी अंडी फुटली, पिल्लं पोहायला लागली. डिस्कसची पिल्लं सुरुवातीचे दिवस आईबापाच्या अंगावरचा चिकट थर खाऊनच जगतात. आईही पाजते, बापही पाजतो, आणि पिल्लांना आपण दिसावं म्हणून दोघंही अंगाचा रंग गडद करतात. हे सगळं मासेवाल्यानं सांगितलं होतं. त्याला सांगायचं सुचलं नाही ते एवढंच, की पाणी गाळणारा काळाकुट्ट स्पंज टाकीत आईबापाच्या शेजारीच उभा आहे. पिल्लांनी तो धरला. दोन दिवस ती त्या स्पंजला लुचत राहिली आणि तिसऱ्या दिवशी तळाला पडली. वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत. जीव एवढे एवढेसे, पण भूक लागलेलं लेकरू चुकीच्या दारात उभं राहिलं आणि आपण बघत बसलो, हे त्यांना सहन होईना.

स्पंज बाहेर गेला. त्याचं काम आता वहिनींनी करायचं: रोज सकाळ-संध्याकाळ अर्धी टाकी नळीनं उपसायची आणि तेवढंच कोमट पाणी भरायचं. पिल्लं ओढली जाऊ नयेत म्हणून नळीच्या तोंडाला अस्तराचं विरळ कापड बांधलं. बादल्या कोण उचलणार हा प्रश्न होता. यजमान कुरकुरत उचलायला लागले.

तिसरी खेप. शेवटची. पिल्लं सुटली आणि थेट बापाच्या अंगाला जाऊन भिडली. बाप थकला की अंग झटकायचा, मग सगळा घोळका आईकडे. वहिनींची सुई हवेतच थांबायची.

बाराव्या दिवशी मात्र बापाची एक बाजू सोलून निघाल्यासारखी दिसायला लागली. तो कोपऱ्यात तोंड घालून उभा राही, खात नसे. पिल्लं आली की दचके.

मासेवाला बघायला आला. "हात लावू नका. पिल्लं आईबापापाशी वीस दिवस म्हणजे वीस दिवस. आधी तोडलीत तर एक जगणार नाही."

"आणि वीस दिवसांत बाप मेला तर?"

"मी आजवर बाकीच्या जोड्यांची पिल्लं अशीच काढलीत, वहिनी."

"तुम्ही दिवस मोजता, भाऊ. मी पोटं बघते."

कारण चार दिवसांपासून त्या मिठाच्या पाण्यात उबवलेले आर्टेमिया, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे नारिंगी किडे, पिल्लांना घालत होत्या. ज्यानं खाल्लं त्याचं पोट नारिंगी. भिंगातून सगळं दिसे. बहुतेक पोटं नारिंगी होती. पाच-सहा अजून पांढरी. त्या पाच-सहांसाठी वहिनींनी आईला ठेवलं आणि बापाला उसन्या आणलेल्या दुसऱ्या टाकीत हलवलं. चौदाव्या सकाळी एकही पांढरं पोट उरलं नाही, तेव्हा आईलाही उचललं. बाकीचे लोक पिल्लं उचलतात. वहिनींनी आईबापच उचलले. घर लेकरांचं, पाणी ओळखीचं, मग त्यांना कशाला हलवायचं?

आणि तरीही पिल्लं खाईनात. आई जिथे असायची त्या कोपऱ्यात फिरत राहिली, किडे समोरून गेले तरी ढुंकून बघेनात. दुपार झाली. पोटं पांढरी पडायला लागली. मासेवाल्याचं म्हणणं खरं ठरलं तर आईबापाची ताटातूट आपल्याच हातानं होणार होती.

त्यांनी काळ्या अस्तराचा धुवट तुकडा घेतला, कोपरापर्यंत बाहीसारखा टाचला आणि हात टाकीत घातला. पिल्लं आली. सगळी. काळ्या कापडाला लगडली. कापडानं पोट भरत नाही, हे वहिनींइतकं कुणाला ठाऊक होतं? पण सगळी एका जागी आली की घास तोंडाशी नेता येतो. दुसऱ्या हातानं त्या थेंब-थेंब किडे सोडत राहिल्या. शिंप्याचा माणूस शर्ट मागायला येऊन तसाच परत गेला. हात बधिर झाला. उन्हं कलली तेव्हा पोटं नारिंगी होती.

चार दिवसांत बाहीची गरज संपली. बापाच्या अंगावर नवी कातडी धरली.

महिन्यानं मासेवाला आला, टाकीसमोर वाकून पिल्लं मोजायला लागला, दोनदा मोजणी चुकली. मग म्हणाला, "जोडी तुमची, वहिनी. आता मला शिकवा." वीस पिल्लं त्यानं दुकानात ठेवायला मागून नेली.

दोन दिवसांनी वहिनी आणखी पिल्लं द्यायला गेल्या, तर दुकानाच्या टाकीवर पाटी: काजवाल्या वहिनींनी वाढवलेली. त्या बाहेरच थबकल्या. आजवर हजारो शर्ट हाताखालून गेले, कॉलरला नाव कायम दुसऱ्याचं. अंगावर काटा आला आणि त्यांनी तो येऊ दिला.

आत टाकीपाशी कुणीतरी त्यांच्याकडे पाठ करून उभं होतं. गणवेश, काखेत टोपी. यजमान दोन अनोळखी माणसांना थांबवून सांगत होते, "लोक वीस दिवस थांबतात. इथे चौदाव्या दिवशी वेगळी केली, एक दगावलं नाही!"

"कुणी केली?"

"आमच्या हिनं."

तीन दगावली होती. पण ती चूक दुरुस्त करायला वहिनी आत गेल्या नाहीत. पिल्लांची पिशवी छातीशी धरून दाराबाहेर उभ्या राहिल्या आणि त्यांनी यजमानांना बोलू दिलं.