चिमाबाईंचा चिनी काढा

राखोलीच्या चाळीत चिमाबाईंची आणि माझी भिंतीला भिंत होती, आणि त्या मला एक दिवसही आवडल्या नाहीत. बाई शिरपूरकडची. ऐन तारुण्यात विधवा झाल्या, दिरांनी शेतातून हुसकलं, मग लोकांच्या वावरात निंदणी करून एकुलत्या मुलाला, गोकुळला, वाढवलं. हे सगळं खरं, आणि त्यापुरतं मी त्यांना मानते. पण दिरांवरचा राग त्यांनी जन्मभर सुनेवर काढला. गोकुळ इथे सूत कारखान्यात लागला तेव्हा त्या आल्या त्याच मुळी कमरेला किल्ल्या खोचून. साखरेच्या डब्यालासुद्धा कुलूप.

सून सुलभा. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. चिमाबाई तिला ‘वांझोटी’ म्हणत, तेही नळावर, चारचौघींत.

त्र्याण्णव साली चिमाबाईंच्या अंगावरून वारं गेलं. तोंड वाकडं झालं, डावा हात लुळा पडला. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांनी त्या उठून चालू लागल्या, पण दुसरा झटका आला तर डोकंच जाईल, या धास्तीने त्यांची झोप उडाली. त्याच सुमारास गोकुळच्या कारखान्यात तैवानचं मशीन आलं आणि ते बसवायला एक वयस्क चिनी मिस्त्री. गोकुळच्या आईचं ऐकून त्याने पुढच्या खेपेला पुडकी आणली. लाल मुळ्या, करडईच्या वाळक्या पाकळ्या, आणखी कसकसल्या साली. उकळून काढा घ्यायचा, म्हणजे रक्त वाहतं राहतं आणि मेंदू शाबूत राहतो. मॅनेजर मुकुंद सबनीस त्याचं बोलणं मराठीत सांगत होते. शेवटी मिस्त्रीने बजावलं की गरोदर बाईला याचा थेंबही देऊ नका. गोकुळ हसला. त्याच्या घरात गरोदर कोण होतं? म्हणून ते त्याने घरी सांगितलंच नाही.

सुलभा होती. तिला दिवस गेले होते आणि ते फक्त मला ठाऊक होतं. तीन महिने उलटेपर्यंत सासूला कळू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो आईला सांगणार, म्हणून त्यालाही नाही. हे मूल जगलं तर या घरात मान वर करून राहता येईल, एवढीच तिची आशा होती.

काढा तीच करायची. पहिल्याच सकाळी चिमाबाईंनी वाटी मागे सारली. सून विष घालेल, हा त्यांचा जुना संशय.

“पहिले तू पी,” त्या म्हणाल्या. “मंग मले दे.”

सुलभा प्याली. मग रोजच पीत राहिली. गोकुळ घरी असला की चिमाबाई हा प्रकार करत नसत; तेवढी लाज त्यांना होती. मी एकदा त्यांना तोंडावर म्हटलं की एवढा संशय आहे तर स्वतः करून प्या. त्यांनी मला माझं घर सांभाळायला सांगितलं.

तिसऱ्या महिन्यात सुलभाचं पोट दुखू लागलं आणि रक्त थांबेना. गोकुळने आणि मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मूल गेलं. काही औषध घेत होतीस का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तिने काढ्याचं सांगताच मिस्त्रीने काय बजावलं होतं ते तिथे गोकुळच्या तोंडून बाहेर पडलं. यानेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण असलं काही पोटुशीने घ्यायचं नसतं.

चाळीतले लोक म्हणतात, चिमाबाईंना बिचारीला काय माहीत? नव्हतंच माहीत. पण वाटीत विष असेल असं समजूनच त्या ती सुनेच्या तोंडाला लावत होत्या. मला तेवढं पुरे आहे.

सुलभा घरी आली त्या दिवशी गोकुळ पुडकी फेकायला निघाला. चिमाबाईंनी ती छातीशी धरली आणि मला मारायला निघालास का म्हणून रडू लागल्या. सुलभाच उठली. तिने काढा उकळला, गाळला आणि वाटी सासूपुढे नेली. चिमाबाईंनी या वेळी सरळच हात पुढे केला. सुलभाने वाटी मागे घेतली.

“थांबा, आत्याबाई. पहिले मी पिते,” ती म्हणाली. “आता माह्या पोटात मरायले कोनी नाही.”

अर्धी वाटी पिऊन तिने उरलेली खाली ठेवली. चिमाबाईंनी एकदा सुनेकडे बघितलं, मग वाटी उचलली आणि काढा पिऊन टाकला.